गंधकाचं माहेरचं नाव

जगातल्या सगळ्या वस्तूंचे तीनच प्रकार असतात असं शाळेच्या रसायनशास्त्रात शिकवतात. मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. मूलद्रव्य म्हणजे ज्याची रासायनिक फोड करून त्याहून साधं काही निघत नाही ते. तांबं कितीही छळा, तांबंच राहणार. संयुग म्हणजे दोन किंवा अधिक मूलद्रव्यांनी ठरावीक प्रमाणात मांडलेला संसार. आणि मिश्रण म्हणजे एका छपराखाली राहणं, पण चुली वेगळ्या! पुस्तकात ही व्याख्या इतकी घरगुती नसते, पण पुण्याच्या वाड्यात ज्याने चार वर्षं काढली असतील त्याला दुसरी लागत नाही.

खरं म्हणजे पुणेकराला मिश्रण शिकवायला प्रयोगशाळाही नको. मिसळ हे नावच व्याख्येसारखं आहे. तिच्यात कांदा कांदाच राहतो, शेव शेवच राहते आणि लिंबाची फोड तर शेवटपर्यंत वाटाघाटीत सामील होत नाही. चमच्याने एकेक घटक वेगळा काढता येतो. काही चिकित्सक गिऱ्हाइकं तो काढतात आणि मालकाला दाखवतातसुद्धा. अमृततुल्यातला चहा हे त्याहून सभ्य मिश्रण. त्यातली साखर दिसत नाही, पण आपला गोडवा तिने सोडलेला नसतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडतं ते तांबं मूलद्रव्य, आणि शेजारच्या फळीवर सोन्यासारखं मिरवणारं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. मिरवणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा असंच निघतं.

हे वर्गीकरण मात्र फार निर्दय आहे. आपली पंचमहाभूतंच पाहा. पृथ्वी म्हणजे माती, ती मिश्रण. पाणी संयुग. वायू पुन्हा मिश्रण. तेज तर पदार्थच नव्हे, आणि आकाशाबद्दल काही बोलायची सोय नाही. पाचांपैकी एकही मूलद्रव्य ठरू नये! पूर्वजांना काही वेगळंच म्हणायचं असेल, त्यांना हसण्यात अर्थ नाही. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणवणाऱ्या लाव्हाझिएने १७८९ साली तेहतीस मूलद्रव्यांची यादी छापली, तीत प्रकाश, उष्णता आणि आपला पानाला लावायचा चुनासुद्धा होता.

पण मला विचारात पाडलं ते लोखंड आणि गंधक यांच्या प्रयोगाने. सात भाग लोखंडाचा कीस आणि चार भाग गंधकाची पूड एकत्र करा. लोहचुंबक फिरवला की लोखंड निमूटपणे बाहेर येतं. हे मिश्रण. आता तेच परीक्षानळीत तापवा. एका टोकाला लाली दिसली की दिवा बाजूला केला तरी चालतं, पुढचा निखारा आपला आपण सरकत जातो. शेवटी काळा गोळा उरतो. लोखंडाची चुंबकाकडची धाव संपलेली असते आणि गंधकाचा पिवळा रंगही गेलेला असतो. मुद्दा एवढाच, की बदलतात ते दोघंही. लोखंड सात भागांहून जास्त घेतलंत, तर जास्तीचं लोखंड तसंच बसून राहतं, पाहुणा म्हणून आलेल्या आणि मुक्काम न हलवणाऱ्या आत्याबाईंसारखं.

आता आपल्याकडे लग्नात वडीलधारी मंडळी सांगतात, "दुधात साखर विरघळते तशी सासरी विरघळून जा हो!" आशीर्वाद प्रेमाचा असतो, यात शंका नाही. पण साखरेने विरघळायचं आणि दुधाने फक्त गोड व्हायचं, ही वाटणी कुणी केली? एकरूप व्हा म्हणायचं, आणि रूप एकानेच सोडायचं! ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात ते नवरीचं. १८७३ साली यमुना कुर्लेकर नावाची मुलगी रमाबाई रानडे झाली. कल्याणची यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाली आणि पुढे १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. दोघीही माहेरच्या यमुनाच. महादेवराव मात्र महादेवरावच राहिले आणि गोपाळराव गोपाळराव. रानड्यांनी बायकोला शिकवलं, हे फार मोठं. पण त्या शिकण्यावरून घरातल्या बायकांनी दिलेला ताप रमाबाईंनीच सोसला. रसायनशास्त्रात ताप दोघांनाही सारखाच लागतो.

रसायनशास्त्राला न्यायाधीश नेमून मी निश्चिंत होणार, तेवढ्यात संयुगाच्या नावाकडे लक्ष गेलं. आयर्न सल्फाइड! आयर्न जसंच्या तसं, आणि सल्फरचं झालं सल्फाइड. सोडियम क्लोराइडमध्येही सोडियमच्या केसाला धक्का नाही, नाव बदललं ते क्लोरीनचं. म्हणजे स्वभाव दोघांनी सोडायचा आणि नाव एकाने! ही नामकरणाची पद्धत १७८७ साली फ्रान्समधल्या चौघांनी बसवली. चौघेही पुरुष. त्यांतला एक लाव्हाझिए. त्याच्या पुस्तकातल्या आकृत्या त्याच्या बायकोने काढल्या होत्या. १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढे तिने काउंट रम्फर्डशी लग्न केलं, पण लाव्हाझिए हे नाव काही सोडलं नाही. नियम करणाऱ्याच्या घरातच अपवाद निघाला.

मिश्रण चांगलं की संयुग चांगलं, या वादात मला पडायचं नाही. मीठ होण्यासाठी सोडियमला आपला भडकपणा आणि क्लोरीनला आपलं विष सोडावंच लागतं, आणि मिठावाचून मिसळही अळणी. माणसाने कुणासाठी बदलूच नये, असं म्हणणारा एकटाच राहतो, मूलद्रव्यासारखा शुद्ध आणि कंटाळवाणा. प्रश्न एवढाच विचारावा, की गोळा काळा झाला तेव्हा दोघांचेही रंग गेले का? घरात, कचेरीत, सोसायटीत, जिथे म्हणून "आपण सगळे एकच" असं कुणी म्हणेल, तिथे हा प्रश्न उपयोगी पडतो.

लग्नात तो थोडक्यात विचारता येतो. तांदळातलं नवं नाव वाचून झालं की, "आणि जावईबापूंचं काय ठेवलंत?" असं म्हणावं. फक्त पानं वाढायच्या आधी विचारू नये. जेवण झाल्यावर, विडा तोंडात ठेवून विचारावं.