मधापलीकडच्या माश्या

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या, सातेरी, फुलोरी आठवतात. मध देतात म्हणून त्या ओळखीच्या. पण फुलांवर जगणाऱ्या माश्यांच्या जगभरात २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ना मध साठवतात, ना पोळं बांधतात. एकेकटी मादी जमिनीत, वाळक्या लाकडात किंवा पोकळ काडीत घर करते. मधाच्या हिशेबात न बसल्याने या रानमाश्या आपल्या नजरेतूनच सुटल्या.

वांग्याच्या फुलापाशी थोडा वेळ थांबून पाहावं. त्याचा पराग पुंकेसराच्या आत कोंडलेला असतो, वाट काय ती टोकाच्या बारीक छिद्राची. निळ्या पट्ट्यांची रानमाशी येते, पुंकेसर पायांत घट्ट धरते आणि पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवते. गुणगुण एकदम चढते आणि पराग तिच्या पोटावर सांडतो. सातेरीला ही कला अवगत नाही. तुरीच्या मिटल्या पाकळ्या उघडायला पानं कातरणाऱ्या माशीसारखी ताकदवान माशी लागते. म्हणजे एकीचं काम दुसरीवर ढकलता येत नाही.

म्हणूनच रानमाश्यांचं सर्वेक्षण म्हणजे नुसती जातींची यादी नव्हे. माशी कोणत्या फुलावर, कोणत्या वेळी, कसल्या जमिनीवर दिसली, हे टिपलं नाही तर नोंद अर्धीच राहते. साबणाचं पाणी घातलेल्या पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाट्या मांडून बारीक माश्या मिळतात; थोराड भुंगे त्यांत क्वचितच सापडतात. त्यांच्यासाठी जाळी घेऊन फुलाफुलांपाशी हिंडावं लागतं. ऋतूचंही तसंच. कासच्या पठारावरचा कातळसडा पावसाळ्यात फुलांनी भरतो आणि उन्हाळ्यात रखरखीत होतो. एकाच मोसमात मोजलं तर चित्र फसवं निघणार.

अशा नोंदी नीट जुळवल्या की जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. शेताचा न नांगरलेला बांध, मातीची जुनी भिंत, वठलेलं खोड, कातळाकडेची उघडी माती यांना आपण निरुपयोगी ठरवतो. रानमाश्यांची घरं तिथेच असतात. बांध कोरून दोन ओळी जास्त पेरणारा शेतकरी त्याच ओळींसाठी राबणाऱ्या माशीचं घर मोडतो, आणि ते त्याला कुणी सांगितलेलंही नसतं. ते सांगायचं तर आधी मोजायला हवं. पिकाची पाहणी होते, पावसाची नोंद होते. तशीच गावोगावच्या रानमाश्यांचीही वर्षानुवर्षं नोंद व्हायला हवी. ती शेतीच्याच हिशेबाची बाब आहे.