तुझ्यासाठी काय मागू?

ठरलेलं लग्न मी मोडलं, त्याला तीन आठवडे झाले होते. नगरला घरी आले होते आणि आईबरोबर बुधवारच्या प्रार्थना सभेला गेले. सभेच्या शेवटी मध्यस्थीची प्रार्थना असते, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाचा व्हिसा. मग एका काकूंनी माझं नाव घेतलं. डोळे मिटून, अगदी गहिवरून त्या म्हणाल्या, "प्रभू, या लेकीचं मोडलेलं लग्न पुन्हा जुळव. तिला सुबुद्धी दे."

पंचवीस-तीस जणांनी आमेन म्हटलं. मला म्हणता आलं नाही. त्यातल्या निम्म्यांना ही बातमी त्या प्रार्थनेतूनच कळली होती.

काकूंचा माझ्यावर जीव आहे, याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या वतीने देवासमोर उभं राहताना त्यांनी माझी बाजू ऐकलीच नव्हती. वकीलसुद्धा आधी अशिलाला विचारतो.

दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना 'लागू पडते' का, हे मोजायचे प्रयत्न झाले आहेत. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतले बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थनेने फरक पडला नाही : गुंतागुंतीचं प्रमाण प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. आपल्यासाठी प्रार्थना नक्की होते आहे, हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के निघालं.

या आकड्यांवरून देव आहे की नाही हे ठरत नाही. मी अडकले ती एका बारीक तपशिलावर. प्रार्थना करणाऱ्या अनोळखी लोकांना रुग्णाचं फक्त नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर दिलं होतं. काय मागायचं, तेही ठरवून दिलेलं होतं. आकडे त्यामुळे तसे आले, असं मी म्हणत नाही. पण असं वाटलं, की आपणही अनेकदा एवढ्याच ओळखीवर मागतो.

मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या रस्त्यावर बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. तो येशूला हाका मारतो. त्याला काय हवं असणार, हे गर्दीतल्या कुणालाही कळेल. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? लहानपणी मला हा प्रश्न वेडगळ वाटायचा. त्या बुधवारनंतर वाटत नाही.

सभेवरून आलो, तर आत्या मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. काकूंबद्दल ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग मी तुझ्यासाठी काय मागू गं?"

मला पटकन उत्तर सुचेना. शेवटी म्हटलं, "झोप."

"झोप का येत नाही?"

हॉलच्या अॅडव्हान्सवरून रात्री अकरा-अकरा वाजता मेसेज येतात, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. आत्याने हात पुसले. "नंबर दे त्यांचा. यापुढे माझ्याशी बोलतील." मग डोळे मिटून दोन वाक्यांत झोप मागितली आणि पुन्हा मेथी घेतली.

उघड्या माणसाला कपडे न देता 'ऊब घ्या' म्हणून वाटेला लावण्यात काय अर्थ, असं याकोबाच्या पत्रात विचारलं आहे. आत्याच्या बाबतीत मागणं आणि करणं असं वेगळं काही उरलंच नव्हतं. विचारलं, म्हणून तिला करण्यासारखं काही सापडलं. मी त्या रात्री झोपले. प्रार्थनेमुळे की मेसेज थांबल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही.

पण ज्याला विचारता येत नाही, त्याचं काय? बेशुद्ध माणूस, दुरावलेला माणूस? ज्याच्याशी लग्न मोडलं, त्याच्यासाठी मी बरेच दिवस 'त्याला समजू दे' असं मागत होते. म्हणजे माझंच बरोबर होतं, हे त्याला पटू दे. ती प्रार्थना काकूंच्या प्रार्थनेसारखीच होती, फक्त मी मनात करत होते. आता मी त्याचं नुसतं नाव घेते आणि थांबते. त्याच्यासाठी काय मागावं, हे ठरवायचा हक्क मला नाही. हे सोपं जात नाही.

ग्रुपवर कुणी अडचण टाकली की हात जोडलेली इमोजी धडाधड पडतात. मीही टाकायचे आणि विसरायचे. आता वेगळा मेसेज करून विचारते, काय मागू? काही जण उत्तर देत नाहीत. परवा एका मैत्रिणीने लिहिलं, "मागू नकोस काही. सोमवारी बँकेत माझ्याबरोबर येशील?"

सोमवारी सुट्टी टाकली आहे.