तालमीत घडणारे ‘आम्ही’

ब्रास क्विंटेट म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा पाच जणांचा संच. त्यात दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि तळाशी सहसा ट्युबा असतो. न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट १९५४ मध्ये, अमेरिकन ब्रास क्विंटेट १९६० मध्ये आणि कॅनेडियन ब्रास १९७० मध्ये सुरू झाले. याच काळात हा संच मैफलीच्या रंगमंचावर स्थिरावला. त्याची दोन वैशिष्ट्ये इथे महत्त्वाची आहेत. त्याला संचालक नसतो आणि प्रत्येक भाग एकच जण वाजवतो. तासाभराच्या कार्यक्रमासाठी हे पाच जण आठवडेच्या आठवडे तालीम करतात. त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. तालीम हे केवळ कार्यक्रमाचे साधन आहे का? आणि ‘आम्ही वाजवले’ असे ते म्हणतात, तेव्हा हे ‘आम्ही’ नेमके कोण?

पहिल्या प्रश्नाला ॲरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’मध्ये एक चौकट सापडते. काही क्रियांचे साध्य त्यांच्याबाहेर असते. घर बांधले जात असते तोवर ते बांधून झालेले नसते, आणि बांधून झाले की बांधणे संपते. काही क्रिया मात्र प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. पाहणे हे त्याचे उदाहरण, कारण पाहत असतानाच पाहून झालेले असते. तालीम वरवर पहिल्या जातीची वाटते. तेच आठ बार थांबून थांबून वाजवले जातात, चुका दुरुस्त होतात आणि तारीख आली की काम संपते. पण गवंडी निघून गेला तरी घर मागे उभे राहते. तालीम संपल्यावर खोलीत काहीच उरत नाही. जे काही घडले, ते त्या पाच माणसांतच घडलेले असते. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त ॲरिस्टॉटलच म्हणतो की माणूस वीणा वाजवूनच वीणावादक होतो. मात्र त्याच्या उदाहरणात वादक एकटा आहे. पाच जणांच्या बाबतीत काय घडते, हे स्वर जुळवण्याच्या कामात सर्वांत स्पष्ट दिसते.

समजा, बी-फ्लॅट मेजर कॉर्ड वाजवायची आहे. ट्युबाकडे षड्ज, ट्रॉम्बोनकडे पंचम, हॉर्नकडे ‘डी’ म्हणजे गंधार आणि वर दोन ट्रम्पेट. हॉर्नवादकाने समोरच्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर आपला ‘डी’ तंतोतंत जुळवलेला आहे. तरी पाचही जण एकत्र वाजवू लागले की कॉर्ड खरखरते. ट्यूनर समान अंतरांच्या स्वरसप्तकावर चालतो आणि त्यातला गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर पडतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. पेटीच्या गंधाराविषयी मराठी संगीतविश्वात इतकी वर्षे जी तक्रार होत आली, तिचे मूळही याच फरकात आहे. म्हणून हॉर्नवादक ओठांनी आणि वाद्याच्या तोंडात घातलेल्या उजव्या हाताने स्वर सुमारे १४ सेंट उतरवतो. खरखर थांबते, कॉर्ड एकदम मोकळी होते आणि कुणीही जोर न वाढवता आवाज भरल्यासारखा वाटतो. पुढच्या बारमध्ये ट्युबा ‘जी’वर जातो आणि तोच ‘डी’ आता पंचम होतो. आता त्याला उतरवलेल्या जागेवरून परत वर, ट्यूनरच्या खुणेच्याही दोनेक सेंट पुढे जावे लागते. कागदावर दोन्ही ठिकाणी स्वर एकच लिहिलेला असतो.

इथे एक तात्त्विक गोष्ट निर्विवाद हाती लागते. त्या ‘डी’चा बरोबरपणा एकट्या ‘डी’त नसतो आणि हॉर्नवादकाच्या कौशल्यातही नसतो. तो इतर चार स्वरांशी असलेल्या नात्यात असतो. एकटा अचूक असलेला वादक संचात चुकीचा ठरू शकतो. तरीही हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही, कारण कंपनांचे प्रमाण जुळते किंवा जुळत नाही. सत्य सापेक्ष असले की ते मनमानी होते, या सरसकट समजुतीला ही एक कॉर्ड पुरेसे उत्तर आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यासाठी रचनेची सुरुवात पाहावी. हात हलवणारा कुणी नसतो. बहुधा पहिला ट्रम्पेटवादक श्वास घेतो आणि त्या श्वासातच लय, जोर आणि स्वराचा आघात कळतो. उरलेले चौघे त्याच्याबरोबर, त्याच मापाचा श्वास घेतात. हॉर्नचे तोंड मागे वळलेले असते, त्यामुळे त्याचा आवाज मागच्या भिंतीवरून परतून श्रोत्यांपर्यंत किंचित उशिरा पोहोचतो. हॉर्नवादकाला स्वतःच्या कानापेक्षा सोबत्यांच्या सांगण्यावर विसंबून थोडे आधी वाजवावे लागते. आपला आवाज बाहेर कसा पोहोचतो, हे त्याला दुसऱ्याच्या कानांनीच कळते.

समाजतत्त्वज्ञ आल्फ्रेड शुट्झने १९५१ मधील एका निबंधात एकत्र संगीत वाजवण्याचा विचार केला. वादक एकमेकांच्या आंतरिक काळाच्या प्रवाहात सहभागी होतात आणि अर्थपूर्ण संवादाच्याही आधीचे नाते त्यातून घडते, असे त्याचे म्हणणे. हे ‘आम्ही’ कसे घडते, यावर तत्त्वज्ञांत मतभेद आहेत. जॉन सर्लच्या मते ‘आम्ही करतो आहोत’ हा हेतू ‘मी करतो आहे’ अशा हेतूंची बेरीज करून मिळत नाही. मायकेल ब्रॅटमन मात्र एकमेकांत गुंतलेल्या वैयक्तिक हेतूंतूनच सामूहिक हेतू उभा करतो. मार्गारेट गिल्बर्ट संयुक्त बांधिलकीवर भर देते. आपण एकत्र काही करायचे ठरवले की प्रत्येकाचा दुसऱ्यावर हक्क निर्माण होतो आणि कुणालाही एकतर्फी बाहेर पडता येत नाही. क्विंटेटच्या तालमीला यातला गिल्बर्टचा विचार अधिक लागू पडतो. सव्वीसाव्या बारमध्ये ट्रॉम्बोन घाईने येत असेल, तर ट्युबावादक ते सांगतो. तशी सूचना करणे त्याचा हक्क असतो आणि ती ऐकणे ट्रॉम्बोनवादकाचे कर्तव्य असते. हा हक्क पदामुळे मिळालेला नसतो. मोठ्या वाद्यवृंदात शेवटच्या रांगेतला व्हायोलिनवादक क्षणभर थांबला तरी निभावते. इथे एक जण थांबला की कॉर्डमधला एक स्वरच नाहीसा होतो.

तालमीला शरीराचीही मर्यादा असते. पितळी वाद्यात कंप पावतात ते ओठ, आणि ओठांचे स्नायू थकले की उंच स्वर हाती लागत नाहीत. म्हणून कठीण जागा वाद्य खाली ठेवून गाऊन पाहतात, केवळ तळाचे दोन भाग वाजवून घेतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशीच्या तालमीत ट्रम्पेटवादक उंच स्वर सप्तकभर खाली वाजवून ओठ राखतात. जास्त केले की जास्त साधते, हा हिशेब इथे चालत नाही. थांबणे हाही तयारीचाच भाग असतो. पतंजलीच्या ‘योगसूत्रां’त अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक करायचा असला तरी तो वैराग्याशी जोडलेला आहे, तो उगाच नव्हे. स्वतःच्या आवाजाची ओढ सुटल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. मात्र पतंजलीचा साधक चित्त स्थिर करण्यासाठी विषयांपासून मागे सरतो, तर वादकाचे लक्ष चार माणसांकडे जाऊन स्थिर होते. हा फरक लहान नाही.

श्रोते किंवा ठरलेली तारीखच नसेल तर तयारीला अर्थ उरतो का, याची उदाहरणे इतिहासात आहेत. ब्रास क्विंटेटसाठी आजही आवर्जून वाजवल्या जाणाऱ्या रचनांचा कर्ता व्हिक्टर एवाल्ड (१८६०–१९३५) हा सेंट पीटर्सबर्गचा स्थापत्य अभियंता. लाकडाचा व्यापारी आणि संगीतप्रेमी बेल्यायेव याच्या घरी दर शुक्रवारी तंतुवाद्यांची चौकडी वाजवली जाई. बेल्यायेव व्हायोला वाजवी, एवाल्ड चेलो. तिथे वाजवणे हेच प्रयोजन होते. दुसरे उदाहरण धार्मिक आहे. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमच्या मोरेव्हियन ख्रिस्ती समाजात १७५४ पासून ट्रॉम्बोनवादकांचा ताफा आहे. ईस्टरच्या पहाटे तो वाजवतो, आणि समाजातील कुणी वारले की चर्चच्या मनोऱ्यातून स्तोत्रांच्या चाली वाजवून ती वार्ता देण्याची त्यांची प्रथा होती. मृत्यूची तारीख आधी ठरत नाही. त्यामुळे त्यांच्या तयारीला ‘आगामी कार्यक्रम’ नव्हता आणि तरीही नेहमी तयार असणे भाग होते. वादकाच्या स्वतःच्या मृत्यूची वार्ताही याच ताफ्याने द्यायची होती.

ठरलेल्या तारखेच्या कार्यक्रमातही तयारी पूर्ण होऊन बाजूला पडत नाही. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की फुंकवाद्याचा स्वर सुमारे ३ सेंट चढतो. सभागृह माणसांनी भरले की आवाज शोषला जातो आणि रिकाम्या जागी जमवलेला तोल बदलतो. तालमीत ठरवलेली प्रत्येक जागा रंगमंचावर नव्याने जुळवावी लागते आणि ते पाहायला, सांगायला थांबता येत नाही. इतक्या आठवड्यांत वादकांनी उत्तरे पाठ केली असती तर ती इथे निरुपयोगी ठरली असती. त्यांनी मिळवलेले असते ते एकमेकांकडे लक्ष देण्याचे सामर्थ्य. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईलने १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांत केलेला भेद इथे चपखल बसतो, पण हे दुसऱ्या जातीचे ज्ञान कुणा एकाच्या मालकीचे नसते. पाचांपैकी एक जण बदलला, नवा माणूस कितीही निष्णात असला, तरी श्वासापासून तालीम पुन्हा सुरू करावी लागते.