मामाची रोवणी आणि आठवा अध्याय



आज गीतेचा आठवा अध्याय, श्लोक पाच ते सात. अंतकाळी ज्याचं स्मरण, त्याच्याकडे जीव जातो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. खरं सांगतो, हे श्लोक मी नेहमी भराभर वाचून पुढे जायचो. वय २९, अंतकाळाचा विचार आत्ता कशाला?

यंदा ते जमलं नाही. मोहाडी तालुक्यातल्या करडीला, आमच्या गावी, मामाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शेवटचा टप्पा. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता महिने मोजायचे. मी पुण्याहून रोज फोन करायचो आणि माझं एकच पालुपद, ‘मामा, पॉझिटिव्ह राहा, देव चमत्कार करतो.’ व्हिडिओ पाठवायचो, जप सांगायचो. त्याला बोलायचं असायचं शेताच्या वाटणीबद्दल, मामीच्या बँकखात्याबद्दल. मी विषय बदलायचो. एकदा तो म्हणाला, “बाबू, डॉक्टरनं मले महिने सांगतले. तू वर्षं कायले सांगून रायला? मायं बी आयक थोडंसं.”

श्रद्धेच्या नावाखाली मी घाबरून पळत होतो, एवढंच.

त्या रात्री विनोबांची ‘गीता प्रवचने’ काढली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली, साने गुरुजींनी लिहून घेतलेली. मरणाचा विचार आपण कसा टाळतो, यावर विनोबा आठव्या अध्यायात नेमकं बोट ठेवतात. शेवटचा क्षण त्यांच्या लेखी काही वेगळा नाही, जन्मभर मुरलेल्या संस्कारांचाच तो अर्क. आणि पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारला धाम नदीकाठी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनी औषध, अन्न, पाणी थांबवलं. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ८७ व्या वर्षी देह ठेवला.

वाचून अंगावर काटा येतो. पण मग मामानेही औषध सोडावं का? भक्ताचं मरण असंच असतं का? यावर मी बरेच दिवस अडकलो होतो.

मला वाटतं, ही नक्कल करायची गोष्ट नाही. विनोबांच्या मागे भूदानाची तेरा वर्षांची पदयात्रा होती, संसार नव्हता. मामा ५६ चा, धाकटी अजून कॉलेजात. आपले तुकडोजी महाराजही कर्करोगानेच गेले, ११ ऑक्टोबर १९६८ ला, मोझरीला, अवघ्या ५९ व्या वर्षी. कोणी किती औषध घेतलं यावरून भक्ती मोजायची नसते. सातव्या श्लोकाकडे नीट पाहा ना! तिथे ‘शेवटी’ नाही, ‘सर्व काळ’ आहे. आणि स्मरणासोबत त्याच वाक्यात युद्धही सांगितलंय. अर्जुनाला शांत होऊन घरी जा असं कुठे म्हटलंय? हातातलं काम तसंच चालू ठेवायचं.

मामाने दोन केमो घेतले. तिसरा नको म्हणाला, डॉक्टरांनाही ते पटलं. आता मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. आपल्यातल्या काहींना वाटतं, अशा गोळ्यांनी शुद्ध हरपते, मग नाम कसं घेणार? मी उलटं पाहिलंय. कळा यायच्या तेव्हा मामाला नावही सुचायचं नाही, नुसता भिंतीला नखं लावायचा. दुखणं आटोक्यात आलं तसा तो संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसायला लागला. आवाज फुटत नाही, पण टाळी बरोबर पडते.

जुलैत रोवणीला गेलो. धुऱ्यावर बाज टाकून तो पडल्या पडल्या सांगत होता, कोणत्या बांधीत पाणी किती ठेवायचं, पऱ्हे कुठून उचलायचे. दुपारी मला वही घेऊन बसवलं. कोणाचं देणं, कोणाचं येणं, कोणती बांधी कोणाला. तळ्याकडच्या बांधीपुढे ‘ही विकू नका’ असं दोनदा लिहायला लावलं. या वेळी मी विषय बदलला नाही. हात थोडा कापत होता, माझा.

निघताना म्हटलं, “मामा, दिवाळीला येतो.”

“आंधी ये,” म्हणाला.

तिकीट काढलंय.