कानाची साक्ष

संगणक आणि डॅक (आकड्यांचं ध्वनिसंकेतात रूपांतर करणारं यंत्र) यांच्यामध्ये कोणती वायर लावावी, हा प्रश्न खरं तर दुकानाच्या काउंटरवरच सुटायला हवा. यूएसबी, कोअ‍ॅक्सिअल किंवा ऑप्टिकल, तिन्हींतून जातात ते आकडेच. तरीही हौशी श्रोते यावरून शास्त्रार्थाला बसल्यासारखे भांडतात. एक म्हणतो, मला फरक ऐकू येतो, आणखी पुरावा कशाला? दुसरा म्हणतो, मोजून दाखव.

या भांडणाची वंशावळ जुनी आहे. सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक कुमारिल भट्ट यांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरंच धरायचं. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नव्हतं. समोर पाणी दिसलं, तिथे गेलो आणि तहान भागली, तर ते पाणी, नाहीतर मृगजळ. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, कृतीच्या यशावरून ठरतो. पहिल्या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात, दुसऱ्याला परतःप्रामाण्य. कुमारिलांनी हा खटाटोप वेदांच्या प्रामाण्यासाठी केला होता, महागड्या केबलींसाठी नव्हे, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता वायरींकडे वळू. कोअ‍ॅक्सिअल आणि ऑप्टिकल या दोन्हींत सोनी-फिलिप्सची एस/पीडीआयएफ पद्धत चालते. तिच्यात आवाजाचे नमुने आणि घड्याळाची लय एकाच प्रवाहातून येतात, म्हणून डॅकला ती लय आलेल्या संकेतातून शोधून काढावी लागते. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर. हे अंतर डळमळलं की त्याला जिटर म्हणतात. असिंक्रोनस यूएसबीत कारभार उलटा: घड्याळ डॅककडे असतं आणि तोच संगणकाला वेग कळवत राहतो. कागदावर ही पद्धत सरस. पण २००५ साली जपानी संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना संगीतातला अनियमित जिटर ओळखता यायला तो शेकडो नॅनोसेकंदांचा असावा लागला होता; आजच्या बऱ्यापैकी डॅकमध्ये तो एका नॅनोसेकंदाच्याही खाली असतो.

म्हणून कान खोटेच, असं मात्र नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवर, मध्ये यूएसबी. गायिका किशोरीताईंचा आलाप नुकता सुरू झालाय, मागे तानपुरा आहे आणि त्याच्याही मागे एक बारीक चिरचिर. माउस हलवला की ती हलते, चार्जर काढला की थांबते. यूएसबीच्या तांब्यातून आकड्यांबरोबर पाच व्होल्ट आणि ग्राउंडही जातं. दोन उपकरणांची ग्राउंडं अशी जोडली की संगणकाच्या पोटातली खळबळ स्पीकरपर्यंत पोहोचू शकते. तोशिबाने १९८३ साली आणलेल्या टॉसलिंकच्या प्लास्टिक तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. ऑप्टिकल लावलं, चिरचिर गेली: नैयायिकाला हवी तशी सफल कृती.

अडचण होते ती 'आवाज मोकळा झाला', 'गायिका पुढे आली' अशा विधानांची. त्यांची राखण करायला श्रोता मीमांसकाच्या घरात शिरतो, पण तिथेही त्याला आसरा नाही. ज्ञान दोन वाटांनी बाधित होतं, हे मीमांसकच सांगतात: एकतर विरुद्ध ज्ञान होतं, नाहीतर ज्ञानाच्या कारणातच दोष सापडतो. ऐकण्यातले असे दोष परिचित आहेत. केबलची किंमत माहीत असणं हा एक. आवाजाच्या पातळीतला अर्ध्या डेसिबलचा फरक हा दुसरा. तो पुष्कळदा 'मोठा' म्हणून नव्हे, तर 'सुरेख' म्हणून ऐकू येतो.

बेल लॅब्जच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडलेली एबीएक्स चाचणी हे दोष बाजूला काढण्याच्या कामी येते. आजच्या रूढ स्वरूपात अ आणि ब दोन्ही ऐकवायचे, मग क्ष ऐकवून तो कोणता ते विचारायचं. पातळी जुळवलेली, वायर झाकलेली. असं सोळा वेळा विचारलं, तर बारा किंवा अधिक उत्तरं निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते.

आणि एखाद्याने बारा बरोबर सांगितली, पुन्हा बसवल्यावरही तितकीच सांगितली, तर? तेव्हा मोजमापवाल्याला आपलं यंत्र पुन्हा टेबलावर मांडावं लागेल आणि आधी काय मोजायचं राहून गेलं, ते शोधावं लागेल.