घेतलेल्या सुराचे ऋण

"बुवा, ही चाल आपली न्हवं, बाहेरनं आणलीया." गडमुडशिंगीसारख्या गावात एकादशीच्या भजनाला नवी चाल लागली की असे वाक्य कानावर येतेच. बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो, धास्ती असते. परक्याचा सूर घरात शिरला तर आपला राहील काय, ही ती धास्ती. तिला हसून चालणार नाही. पण ती कितपत खरी, हे तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच मुलखातले, मिरजेचे प्राध्यापक बा. र. देवधर यांचे आयुष्य डोळ्यांपुढे आणले तरी पुरे.

देवधर १९०१ साली मिरजेत जन्मले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचे गुरू, आणि विष्णुबुवांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. म्हणजे सारी मंडळी कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावरची. पण बाळकृष्णबुवांनी विद्या आणली कोठून? ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या परंपरेतून, वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करून. तेव्हा ज्याला आपण 'आपले जुने वळण' म्हणतो, तेसुद्धा कोणीतरी पायपीट करून, दुसऱ्याच्या दारी बसून मिळवलेले आहे.

देवधरांनी १९२५ साली मुंबईत 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' काढले. पुढे काशी हिंदु विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्क्रिन्झी नावाच्या इटालियन गुरूंकडे बसून त्यांनी पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला. दोन्हींत अंतर मोठे. तिकडे अनेक स्वर एकाच वेळी उमटतात, त्यांचा मेळ साधावा लागतो, आणि रचनाकाराने लिहिले तेच बहुधा वादक वाजवतो. इकडे तंबोऱ्याच्या षड्जावर एकच गळा चालतो. रागाची मर्यादा सांभाळून, पुढचा आलाप गवई त्या क्षणी जागेवर घडवतो. आपला भजनी बुवा ध्रुवपद घोळवताना दर वेळी नवी जागा घेतो, तेही याच जातीचे.

मग तिकडून घ्यायचे काय? देवधरांनी विशेष अभ्यास केला तो आवाजाच्या जोपासनेचा. श्वास कसा घ्यावा, गळ्यावर ताण न येता स्वर कसा लावावा, याचे तिकडचे ज्ञान त्यांनी मिळवले. गळा हा काही इटालियन नसतो नि मराठीही नसतो. रात्रभर भजन करून सकाळी ज्याचा आवाज बसतो, त्याला या ज्ञानाची किंमत वेगळी सांगायला नको.

कोणी म्हणेल, "हे ठीक, पण दहा ठिकाणी जो शिकतो त्याचं एक ना धड भाराभर चिंध्या असं होतं." हा आक्षेप खोटा नाही. वरवरचे उचलणाऱ्याचे तसेच होते. पण १९३६च्या सुमारास बेळगावकडचा एक कानडी मुलगा देवधरांकडे आला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब गाऊन दाखवी. देवधरांनी त्याला एकाच घराण्याच्या दावणीला बांधले नाही, नाना ठिकाणचे गाणे ऐकू दिले, शिकू दिले. तो मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. नक्कल करणारा पोर पुढे कोणाचीही नक्कल नसलेले गाणे गायला. पाया पक्का असला की बाहेरचे वारे घर पाडत नाही. घरात हवा खेळते.

तरीसुद्धा घेणाऱ्यावर एक जबाबदारी राहतेच, आणि खरा नैतिक प्रश्न येथे आहे. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा असते. चालीच्या शेवटी कोणाचे नाव असते? कोणाचेच नाही. म्हणून चाल उचलणे सोपे आणि देणाऱ्याला विसरणे त्याहून सोपे. देवधर विसरले नाहीत. 'संगीत कला विहार' मासिकाचे संपादन करताना आणि 'थोर संगीतकार' या पुस्तकात त्यांनी गवयांची चरित्रे कष्टाने लिहून ठेवली. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ त्यांत आहेत. फकिरासारखे राहणारे, ज्यांच्याकडून देवधरांनी चिजा घेतल्या ते सिंदे खाँही आहेत. जगाने ज्याला वेडा म्हणून सोडून द्यावे, त्याचे नाव कागदावर राहिले ते या ऋणाच्या जाणिवेमुळे.

आपल्याकडे वळून पाहू. भजनातली पेटी तरी कोठली? हार्मोनियमचा परवाना १८४२ साली पॅरिसच्या देबॅं याने घेतला. तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही म्हणून १९४० साली रेडिओने ती वर्ज्य केली, आणि ती बंदी तीन दशके टिकली. म्हणजे परके घेताना काही हरवतेही, हे जाणले पाहिजे. पण पेटी परकी म्हणून आज कोणी अडवत नाही. अडवले जाते ते माणसाला. एखाद्या गोंधळ्याची, एखाद्या सनईवाल्याची चाल आपल्या मंडळात गोड वाटते. मात्र तो स्वतः आला तर उंबऱ्याशी बसतो, आणि चाल 'आमच्या मंडळाची' होऊन जाते. सूर आत आणि माणूस बाहेर, हा कसला हिशेब?

तेव्हा वाचकहो, परका सूर घ्यावा की नाही, हा प्रश्न दुय्यम समजावा. समजून घ्या, श्रमून घ्या, काय हरवते तेही पाहा. आणि पुढच्या भजनात ती चाल लावण्यापूर्वी चार माणसांत मोठ्याने सांगा, "ही अमक्याकडून मिळाली." तो जिवंत असेल तर त्याला हाताला धरून वीणेकऱ्याशेजारी बसवा. एवढे जमले तर चाल आपली झाली. नाहीतर ती कितीही जुनी असो, उसनीच राहिली.