बुजलेल्या विहिरी
(उत्पत्ति, अध्याय 26)

इसहाक गराराच्या खोऱ्यात राहावयास गेला, तेव्हा त्याच्या बापाच्या विहिरी तेथे होत्या. पण त्या मातीने बुजलेल्या होत्या. अब्राहामाच्या मरणानंतर पलिष्ट्यांनी त्या बुजवून टाकिल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरिल्या आणि बापाने ठेविलेली नावेच त्यांस दिली.

हा वृत्तांत आम्ही खरा मानून वाचतो. तथापि शास्त्र घडलेली गोष्ट सांगून थांबत नाही. पौलाने गलतीकरांस लिहिताना हागार व सारा यांच्या ठायी दोन करार पाहिले. प्रभूने याकोबाच्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीस दोर-पोहऱ्यावाचून मिळणाऱ्या पाण्याविषयी सांगितले. तिसऱ्या शतकात ओरिगेन नामक पंडिताने उत्पत्तीवर प्रवचने करिताना याच विहिरींचा असा अर्थ सांगितला की, आपणांतही जिवंत पाण्याची विहीर आहे, मात्र तिच्यावर माती पडली आहे.

ही माती कोणती? गावची विहीर गाळाने एका दिवसात भरत नाही. दर पावसाळ्यात थोडा गाळ येतो, कोणी केरकचरा टाकितो, आणि उपसा बंद पडला की झरे बुजतात. आपल्या अंतःकरणाचेही तसेच आहे. एक लहानसे खोटे, शेजाऱ्याविषयी धरिलेला राग, केवळ ओठांनी केलेली प्रार्थना. असा थरावर थर बसतो. उपदेशक बंधूंनी तर अधिक जपावे. दर रविवारी इतरांस पाणी काढून देणारा स्वतः तहानलेला राहू शकतो.

पुढे इसहाकाच्या चाकरांनी खणिलेल्या दोन विहिरींवरून तंटा झाला. त्यांस एसेक म्हणजे भांडण व सितना म्हणजे वैर अशी नावे पडली. त्या सोडून तो पुढे गेला, तेव्हा त्यास रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, मिळाली. पुढे कोणी बसावे, कोणाचे घराणे मोठे, या वादात आमच्या कितीतरी मंडळ्या अजून एसेकापाशीच बसल्या आहेत!

परंतु असा अर्थ काढिताना एक कसोटी ठेवावी. जो गूढार्थ शास्त्राच्या उघड आज्ञेविरुद्ध जातो, तो आपल्या मनाचा खेळ होय. आत्म्याच्या विहिरीचे बोलताना गावची विहीर विसरू नये. जातीच्या अभिमानाने जो दुसऱ्यास पाणी भरू देत नाही, त्याच्या आतील झरा मोकळा झाला असे कोण म्हणेल?

म्हणून या आठवड्यात घरोघरी हा अध्याय वाचावा. वाचून झाल्यावर क्षणभर निवांत बसावे आणि प्रत्येकाने देवासमोर स्वतःस विचारावे, ‘माझ्या विहिरीत कोणती माती पडली आहे?’ जी दिसेल ती त्याच दिवशी काढावयास लागावे. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या घरी आधी जावे. या कामी प्रभू आम्हां सर्वांस बळ देवो. आमेन.